भिंतीकडे तोंड करून बसणारे मौनीसाहेब

सन्माननीय अध्यक्षबाई, म्हणजे या विभागाच्या आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. व्यासपीठावरचे बाहेरगावचे पाहुणे डॉक्टर, ज्यांना मघापासून डास चावतोय आणि ते कुणाला कळू देत नाहीयेत. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे जमलोय ते आजचे सत्कारमूर्ती. सगळ्या सिस्टर, मदतनीस, औषधं वाटणारे, फाइली सांभाळणारे. आणि समोर बसलेली माझी जातवाली मंडळी, म्हणजे चाकाच्या खुर्चीतले, काठीवाले, कुबडीवाले आणि त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना इथवर आणणारे आम्ही सगळे. सर्वांना माझा नमस्कार.

आता मी कोण? मी डॉक्टर नाही, पेशंटही नाही. मी पेशंटची थोरली जाऊ. आम्हा दोघी जावांचं इस्त्रीचं दुकान आहे. या सभागृहात जेवढे पांढरे कोट दिसतायत ना, त्यातले निम्मे आमच्या टेबलावरून गेलेत. कुणाच्या खिशात काय सापडतं तेही मला ठाऊक आहे. घाबरू नका डॉक्टर, नाही सांगत.

भाषण करायची मला सवय नाही. गावच्या शाळेत होते तेव्हा बोलले म्हणून मार खायचे, इथे बोला म्हणून हार घालतायत. फक्त आत यायच्या आधी सिस्टरांनी मला बाजूला घेतलं आणि तीन गोष्टी करायच्या नाहीत म्हणून बजावलं. मावशी, कुणाची नक्कल करायची नाही. मावशी, त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. आणि मावशी, धाकटीला मध्ये ओढायचं नाही. मी तिन्ही नीट लक्षात ठेवल्यात. म्हणजे एकही राहून जायला नको.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती बघा, शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसलीय. सगळ्यांनी एकदम मागे वळून बघू नका हो, उठून जाईल. दाराजवळ का बसलीय ते मला माहीत आहे. ज्यांचा आज सत्कार आहे त्यांच्याशी ती वर्ष होत आलं, एक शब्द बोललेली नाही. आज आली हेच नवल. तिच्या मांडीवर एक पिशवी आहे. पिशवीत काय आहे ते मला माहीत आहे, पण ते ती त्यांना देणार की तशीच घरी नेणार, हे मात्र ठाऊक नाही. सकाळी विचारलं तर म्हणाली, "बघू." आता ज्यांनी आमच्या धाकटीचं "बघू" ऐकलंय त्यांना कळेल की त्यातून काहीही निघू शकतं. शिपाईदादा, वारा येतोय. ते दार जरा लोटून घ्या.

तर विषय असा.

धाकटीच्या मणक्यात गाठ झाली होती. ती काढली, जीव वाचला, पण पाय ताठले. डॉक्टर त्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. आम्ही म्हणतो, पायात लाकूड शिरलं. गुडघा वाकवायला गेलं की वाकत नाही, आणि नको तेव्हा आपोआप उडतो. रात्री तर विचारूच नका. दोन्ही पाय अंथरुणात लाथा झाडायचे, पोटऱ्यांना पीळ पडायचा, उशी तोंडात धरून रडायची बाई. माझे धाकटे दीर ट्रक चालवतात. ते म्हणायचे, "वहिनी, मला घरापेक्षा ट्रकातच झोप लागते." म्हणायचे हसत, पण दोन्ही गाद्यांवर कुणी झोपत नव्हतं.

आणि तरी, हे नीट ऐका, त्याच लाकडावर ती दिवसभर उभी राहायची. डावा हात टेबलाला, उजव्या हातात इस्त्री, आणि खाली दोन वासे रोवल्यासारखे पाय. चालायची चारपायी काठी घेऊन. पायाचा चवडा फरशीवर घासायचा, खर्र. मग काठी टेकायची, टप. खर्र-टप, खर्र-टप. गिऱ्हाईक लांबून ओळखायचं, बाई दुकानात आहेत.

मग आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं की नव्या गोळीची चाचणी चाललीय, येता का. सगळं समजावून सांगितलं, सही घेतली. काही जणांच्या पुडीत खरं औषध, काही जणांच्या पुडीत नुसती तशीच दिसणारी गोळी, पोटात पांढरी माती. कुणाला काय, ते पेशंटला माहीत नाही, बाईंना माहीत नाही, आणि पाय किती ताठ आहे हे जो मोजतो त्याला तर अजिबात कळता कामा नये. मी विचारलं, का हो? बाई म्हणाल्या, "मावशी, औषध दिलंय असं कळलं की मोजणाऱ्याच्या हाताला पाय आपोआप सैल लागायला लागतो." मला लगेच पटलं. आमच्या ह्यांना मी नव्या डब्यात जुनीच चहापावडर भरून द्यायचे. वा वा, याला म्हणतात चहा! देवाघरी गेले, पण शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. आता वर कुणी सांगितलं असेल तर माझी खैर नाही.

तर ते मोजणारे म्हणजे आजचे सत्कारमूर्ती. मी त्यांना मौनीसाहेब म्हणते. समोरासमोर म्हणते, पाठीमागे काही बोलायचं मी कधीच शिकले नाही.

त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला. आत एक कॉट, एक हिरवा पडदा, एक टेबल, आणि एक खुर्ची भिंतीकडे तोंड केलेली. साहेब त्या खुर्चीत, दाराकडे पाठ. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडून बसलेत कुणाशी. सिस्टर म्हणाल्या, तसंच बसतात. पेशंट कसा चालत येतो, चेहरा कसा आहे, हसतोय की रडतोय, काही दिसायला नको. पेशंटला कॉटवर झोपवायचं, कमरेवर आडवा पडदा ओढायचा. पडद्याच्या अलीकडे नुसते पाय. मग सिस्टर टेबलावर टिचकी मारणार, साहेब वळणार, एक हात गुडघ्याखाली, एक टाचेला, आणि म्हणणार, "सैल सोडा." पाय एकदा झटकन वाकवायचा, सरळ करायचा. एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे मऊ, चार म्हणजे वासा. धाकटी यायची तेव्हा तीन. मग म्हणणार, "झालं." आणि परत तोंड भिंतीकडे.

वर्षभरात या माणसाच्या तोंडून मी एवढंच ऐकलं. सैल सोडा. झालं. अहो, लग्नात अंतरपाट धरतात तोसुद्धा थोड्या वेळाने काढतात!

त्या खोलीत आम्हाला बोलायला बंदी. पण भिंतीशी बोलायला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी भिंतीशी बोलायचे. "काय ग भिंती, आज रंग उतरलाय तुझा. घरी सगळं ठीक ना? हे साहेब तुझ्याकडे एवढे बघतात, त्यांच्या घरी कळलं तर काय होईल?" सिस्टर डोळे वटारायच्या. साहेब हलायचे नाहीत. फक्त मानेच्या मागची एक शीर हलायची. तेवढी शीर हलवायला मी महिनोन्‌महिने भिंतीशी संसार केला.

पण साहेबांचे डोळे भिंतीकडे असले तरी कान दाराकडे होते, हे मला फार उशिरा कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. आधी काहीच नाही. मग डोस वाढवत नेला, आणि हळूहळू धाकटी झोपायला लागली. लाथा थांबल्या. पोटऱ्यांचा पीळ सुटला. तिला झोपलेली बघायला मी मुद्दाम उठून जायचे, तान्ह्या बाळाला बघावं तशी. चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखी दिसायची. आम्ही काय समजायचं ते समजलो. हिच्या पुडीत माती नाही.

आणि मग वासेच गेले.

आधी काठीवर जास्त रेलायला लागली. मग टेबलाला पोट टेकवून उभी राहायला लागली. मी म्हटलं, काय ग? म्हणाली, "सवय मोडलीय, ताई. पाय मऊ झालेत, शिकतील परत." मीही म्हटलं, शिकतील. एक दिवस दुकानात गेले तर बाईने जुन्या चादरीची पट्टी फाडून कमरेला बांधलेली, आणि दुसरं टोक मागच्या खिडकीच्या गजाला. असं स्वतःला टांगून इस्त्री करत होती. मला बघून म्हणाली, "बघा, हात मोकळे राहतात." मी हसले. देवाशपथ, मला तेव्हा हसू आलं. पतंगासारखी दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी गाठ सुटली. गुडघे दुमडले, टेबल कलंडलं, ती खाली आणि इस्त्री तिच्या पोटरीवर. मी पलीकडे घड्या घालत होते. वळून बघितलं तर ती खाली बसून शर्ट झटकतेय, गिऱ्हाइकाचा शर्ट मळला म्हणून. तिला कळलंच नव्हतं. मणक्याचं असलं की वरची कातडी बधिर होते, आत पीळ पडला तर कळतं पण वर भाजलेलं कळत नाही. वास मला आला. तिला नाही.

पोटरीवर इस्त्रीच्या नाकाचा डाग उठला. अगदी आकारात. पंधरा वर्षं धंदा करतोय, आम्ही कुणाचा कपडा कधी जाळला नव्हता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाईंकडे चल. तर माझा हात धरला. असा धरला की बांगडी रुतली.

"ताई, परवा शेवटची मोजणी आहे. ती झाली की चाचणी पुरी करणाऱ्यांना पुढचं वर्षभर औषध मिळणार आहे."

"आणि हे काय मिळालंय ते?"

"तुम्ही बोललात तर गोळी कमी करतील. कमी केली की रात्र परत आली."

"अग, पण उभी कशी राहणार तू?"

"बसून करीन इस्त्री."

"बसून? टेबल नाकापर्यंत येतं तुझ्या."

"टेबलाचे पाय कापा मग."

"माझ्या नवऱ्याने करून घेतलेलं टेबल आहे ते. कापा म्हणे!"

"मग माझे कापा. तसेही काही कामाचे नाहीत."

आणि वर तिने शपथ घातली. "तोंडातून एक शब्द काढलात तर माझं मेलेलं तोंड बघाल."

मोठ्या बाई, तुम्ही खाली बघू नका. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही दर वेळी विचारायचात, कसं वाटतंय? सिस्टर विचारायच्या. आणि ती काय सांगायची? "छान." तोंडभरून "छान." झोप मिळालेलं माणूस आहे हो ते, कुणीही फसेल. रोज तिच्या शेजारी उभी राहून मीसुद्धा "शिकतील पाय" म्हणत होतेच की.

परवाचा दिवस उजाडला. तिने गुडघ्यापर्यंत लांब मोजे घातले. चाकाची खुर्ची मागवली. सिस्टरांनी विचारलं, आज खुर्ची? म्हणाली, "अंगठ्याला लागलंय जरासं. बाकी छान!" मी मागून खुर्ची ढकलतेय आणि माझ्या तोंडात तो शब्द असा फिरतोय, गरम बटाट्यासारखा. गिळवतही नाही, टाकवतही नाही.

खोलीत गेलो. साहेब भिंतीकडे. आमच्या खुर्चीचं एक चाक करकरत होतं. कीं, कीं, कीं. आणि मी बघितलं, साहेबांची मान जराशी वळली. पूर्ण नाही, एवढीशीच. ते खर्र-टपची वाट बघत होते. वर्षभर त्यांनी तोंड न बघता प्रत्येकाला पावलांवरून ओळखलं होतं, आणि आज ते पाऊल आलंच नाही.

धाकटीला कॉटवर घेतलं. पडदा ओढला. मोजे असले तरी गुडघा मोजता येतो, काढायलाच हवेत असं काही नाही. धाकटी माझ्याकडे बघत होती. असे डोळे की सुई आरपार जावी. मी तोंडातून शब्द काढणार नाही असं कबूल केलं होतं. तोंडातून. हातांबद्दल बोलणं झालं नव्हतं.

मी मोजा खाली ओढला.

सिस्टरांनी टिचकी मारली. साहेब वळले. हात पुढे केला तो डागाजवळ येऊन थांबला. मग पुन्हा पुढे झाला. "सैल सोडा," म्हणाले. सोडायला होतं काय? ओल्या टॉवेलसारखा पाय. वाकवला, सरळ केला. कागद ओढला. आकडा लिहिला. मी वाकून बघितलं, शून्य. असला आकडा त्या खोलीत कधी आला नव्हता.

आता "झालं" म्हणायची वेळ. सिस्टर वाट बघतायत. धाकटी वाट बघतेय. "झालं" म्हटलं की सुटली ती, वर्षभराची झोप तिच्या पदरात. आणि साहेब पेन धरून नुसते बसलेले. पंख्याचा आवाज येतोय. मी पण श्वास धरलेला, कशासाठी ते मलाच कळत नव्हतं. "झालं" म्हणावं म्हणून की म्हणू नये म्हणून?

त्यांनी पेनाला टोपण लावलं. उठले. आणि तो हिरवा पडदा बाजूला सारला. वर्षात पहिल्यांदा त्यांनी धाकटीचं तोंड बघितलं.

"उभ्या राहा," म्हणाले.

सिस्टर किंचाळल्याच. "साहेब, नको! ते तुम्ही नाही बघायचं!" धावत जाऊन त्यांनी बाईंना आणलं. मोठ्या बाई, तुमच्याच परवानगीने सांगते, तुम्ही तेव्हा दारातून म्हणालात, "साहेब, थांबा. तुम्ही हे पाहिलंत तर या केसचं तुमचं मोजमाप बाद होईल. इतकंच नाही, तुम्ही केलेलं बाकीचंही तपासायला घेतील. पुढच्या आठवड्यात तपासणीची माणसं येतायत. मी बघते त्यांना, तुम्ही बाहेर जा."

बाईंचं बरोबर होतं. पण साहेब म्हणाले, "बाई, मला कळलंय. आता न कळल्यासारखं करून मी बाहेर जाऊन भिंतीकडे बघत बसलो, तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा."

आणि कॉटवरून माझी धाकटी. आवाज असा की मी तो पूर्वी ऐकला नव्हता. "साहेब, शून्य आलंय ना? तुम्हाला शून्यच हवं होतं ना? मग लिहा आणि सोडा मला. तुमच्या कागदावर उभं राहणं नाही."

"नाही," साहेब म्हणाले. "तेच चुकलंय."

मग मोठ्या बाई आत आल्या. कुणाला काही न म्हणता धाकटीच्या डाव्या बगलेत हात घातला. मी उजव्या. साहेब समोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "उठा."

ती उठली. आम्ही उठवली म्हणून उठली. आम्ही जरा सैल सोडलं, आणि चादरीची घडी पडावी तसे तिचे गुडघे पडले. साहेबांनी तिला पकडलं. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर, आणि तिथूनच ती त्यांच्या छातीवर बुक्क्या मारतेय. "तुम्ही माझी झोप खाल्लीत! माझी झोप खाल्लीत तुम्ही!"

ते तिचे साहेबांशी शेवटचे शब्द. धाकटे, हसतेस काय ग? हसली ती, बघितलं का कुणी? नाही? मीच बघितलं वाटतं.

पुढचं तुम्हाला बरंच ठाऊक आहे. साहेबांनी स्वतःच लिहून दिलं की मला कळलंय, मला या कामातून काढा. तपासणीची माणसं आली. बंद दाराआड बैठक झाली. मी बाहेर बाकावर होते, इस्त्रीचे कोट द्यायला आले होते असं म्हणायचं. साहेब बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. समोर भिंत नव्हती, खिडकी होती. त्यांना कुठे बघावं ते कळेना. मी म्हटलं, "साहेब, भिंत आणू का?" तेव्हा ते हसले. पहिल्यांदा. आणि मग रडले. तेही मीच बघितलं. सिस्टर, ही चौथी गोष्ट, ती करू नका असं तुम्ही सांगितलं नव्हतं.

काम काही महिने अडलं. नवा मोजणारा बाहेरून आणावा लागला. इतकी वर्षं एक ओळ इकडची तिकडे न करणाऱ्या माणसाच्या नावापुढे निवृत्तीच्या तोंडावर शेरा लागला. पण बाईंनी चाचणीच्या कागदात उभं राहणं घातलं. प्रत्येकाला उभं करून बघायचं, नुसतं विचारायचं नाही. तेव्हा कळलं की एक गवंडी भिंत धरून काम करत होता आणि एक शाळेच्या बाई फळ्याला टेकून शिकवत होत्या. दोघेही "छान" म्हणत होते. गवंडीदादा, हात वर करू नका, मी नाव घेतलेलं नाही.

धाकटीची गोळी एकदम नाही, हळूहळू उतरवली. आणि रात्र परत आली. तिने सांगितलं होतं तशीच आली. पाय उडायचे तेव्हा ती माझ्याकडे बघायची, बोलायची नाही. माझ्याशीही महिनाभर अबोला. आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या, आणि मध्ये नुसती वाफ.

अशात एका संध्याकाळी दुकानाच्या दारात मौनीसाहेब.

"आता मला यांचं मोजायचं नाही," म्हणाले, "म्हणून बोलता येतं."

आणि काय बोलतो हो हा माणूस! वर्षभराचं साठलेलं. स्वतःच्या गुडघ्यांवर बोलतात, पावसावर बोलतात, बायको रेडिओ किती मोठा लावते त्यावर बोलतात. भिंत बरी होती म्हणायची वेळ आली! पण बोलता बोलता धाकटीसमोर हात पसरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "उभ्या राहा." आणि ती, तोंडातून चकार शब्द न काढता, उठायची. पडायची. उठायची. हे बोलतायत, ती गप्प. पूर्वी ते गप्प होते. देवाने नुसती खुर्ची फिरवली.

मोठ्या बाई गोळीचं प्रमाण ठरवायच्या, आणि आठवडाभराने साहेब दुकानात येऊन टेबलापाशी बघायचे. सकाळची बंद करून बघितली. रात्रीची अर्धी करून बघितली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते दुखणं. शेवटी एक जागा सापडली. फक्त रात्री, आणि अर्ध्याहून जरा जास्त. लाथा येतात अजून, पण थोड्या. झोप लागते, पण पूर्ण नाही. आणि सकाळी पाय लागतात तेवढे ताठतात. गंमत बघा, ज्या ताठपणाला आम्ही शिव्या घातल्या, त्याचीच सकाळी उठून वाट बघतो. आला का ग? आला, ताई. मग शटर वर.

ती समाधानी आहे का? ते मी कसं सांगू? तिची पुरती झोप गेली ती गेलीच. साहेबांनी बरोबर केलं का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची माझी छाती नाही. पण काल दुपारी बाईंनी मला सांगितलं की साहेब आपला जुना कोट इथेच टाकून चाललेत, धुवायला पाठवलेल्या गठ्ठ्यात दिलाय. मी तो गठ्ठा दुकानात नेला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. आज सकाळी मी चहा करून आणेपर्यंत धाकटी उभी होती. कमरेला पट्टी नाही. तिने तो कोट आधी उलटा केला, मग शिवणी दाबल्या, मग कॉलर. एका कोटाला एवढा वेळ लावला तर आमचा धंदा बसायचा. घडी घातली, पिशवीत ठेवला. मी विचारलं, देणार आहेस? तर म्हणाली, बघू.

तर अध्यक्षबाई, तो कोट सरकारजमा करायचा असतो हे मला माहीत आहे. तुम्ही तेवढा वेळ डासाकडे बघा.

आणि साहेब, आता तुम्हाला एक विनंती. हारतुरे झाले, आता ती खुर्ची फिरवा. हो, फिरवा, भिंतीकडे. पाठ आमच्याकडे करा, बसायचात तशी. लोक हसतील, हसू देत. पंखा बंद करा कुणीतरी.

शिपाईदादा, दार उघडा. पूर्ण उघडा. तिला जायचं असेल तर जाऊ दे. कुणी अडवू नका. आणि कुणी तिच्याकडे बघूही नका. सगळ्यांनी समोर बघा.

तोवर मी माझं उरकते. तुम्ही सगळ्यांनी एका इस्त्रीवालीचं एवढं ऐकून घेतलंत, तुमचे फार उपकार झाले. मोठ्या बाई, तुमचे जास्त, कारण त्या दिवशी तुम्ही डाव्या बगलेत हात घातलात. सिस्टर, तुमचेही. तिन्ही गोष्टी केल्या, माफ करा. कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाला लागलं असेल, तर कोट आणून द्या, एक इस्त्री फुकट.

श्श. ऐकताय ना साहेब?

खर्र.

टप.

वळू नका. मानेची शीर दिसतेय मला. खर्र... टप. येतेय. पायरी आहे धाकटे, पायरी. नको? बरं, नाही धरत मी. ये तुझी तू.

आली, साहेब. पाठीमागे उभी आहे तुमच्या. आपल्या पायांवर आहे. कोट उलगडलाय तिने, उठा जरा. हात मागे करा. अहो, किती ताठ धरलाय हात! काय म्हणालीस ग? मोठ्याने बोल, माइक आहे.

"सैल सोडा," म्हणते.

हं. एक हात गेला. दुसरा.

झालं.